सावकारच राखणदार असेल तर?

पूर्वपक्ष : रशियन भांडवल आलं की शेजारी देश नाकं मुरडतात, हे अर्धसत्य आहे. आर्मेनियाच घ्या. 1992 नंतर येरेवानमध्ये दिवसाला तास-दोन तास वीज असायची; तुर्कस्तान आणि अझरबैजानच्या सीमा बंद. 1995 मध्ये मेत्सामोरची अणुभट्टी पुन्हा पेटली, ती रशियन मदतीने. पुढे सुमारे 10 कोटी डॉलरच्या कर्जापोटी हराझदानचं वीजकेंद्र रशियाला दिलं, तर बिघडलं काय? अंधारात बसलेला माणूस दिव्याची जात विचारत नाही.

उत्तरपक्ष : बिल आलं की विचारतो. जून 2015 मध्ये युनिटमागे सुमारे 7 द्रामची दरवाढ ठरली, तेव्हा लोकांनी पाण्याचे फवारे सोसले आणि कचरापेट्या आडव्या लावून येरेवानमधला बाघ्राम्यान रस्ता अडवला. वीज वितरण होतं रशियाच्या इंटर राओकडे. तुम्ही म्हणाल, आंदोलकच सांगत होते की आम्ही मॉस्कोविरुद्ध नाही. कंपनी फ्रेंच असती तरी पेट्या तिथेच आल्या असत्या. मान्य. पण मग ते पुन्हापुन्हा सांगावं का लागलं? कारण ग्युम्रीचा लष्करी तळ रशियाचा, रेल्वे 2008 पासून 30 वर्षांसाठी रशियन रेल्वेकडे, गॅसचं जाळं 2014 पासून पूर्णपणे रशियाच्या गॅझप्रोमचं. सावकाराशी हुज्जत घालता येते. सावकारच राखणदार असला की आवाज आपोआप खाली येतो. आक्षेप भांडवलाच्या देशावर नाही. ‘नको’ म्हणण्याची सोय उरत नाही, यावर आहे.

पूर्वपक्ष : लिथुआनियाने रशियाला ‘नको’ म्हटलं. 2006 मध्ये माझेइकिआईचा तेलशुद्धीकरण कारखाना पोलंडच्या ओर्लेनला द्यायचं ठरलं आणि काही आठवड्यांत रशियाकडून येणारी तेलवाहिनी बंद झाली. कारण दिलं गळतीचं. ती पुन्हा सुरू झालीच नाही.

उत्तरपक्ष : तरी कारखाना चालला. समुद्रावरच्या बुटिंगे टर्मिनलला तेलाची जहाजं लागत राहिली.

पूर्वपक्ष : म्हणजे नकार द्यायला समुद्र लागतो! आर्मेनियाला तो नाही. 2007 मध्ये इराणहून गॅसवाहिनी आली, तीही 700 मिलिमीटरच्या नळाची. तुमचं तत्त्व किनाऱ्यावरच्या देशांपुरतंच आहे.

उत्तरपक्ष : याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एवढंच म्हणेन, की वाटा कमी असतील तेव्हा हातातलं तरी सोडू नये.

पूर्वपक्ष : 2006 मध्ये आर्मेनियासाठी रशियन गॅसचा दर हजार घनमीटरला 56 डॉलरवरून 110 वर गेला. तो पुढे चढू नये म्हणून हराझदानचा उरलेला पाचवा संचही द्यावा लागला. हिवाळा तोंडावर असताना तुम्ही काय दिलं असतं?