एका संख्येचे अवयव

दिवाळीच्या फराळाला चार माणसे जमली, की चकलीबरोबर आणखी एक गोष्ट हमखास मोडली जाते : न आलेला नातेवाईक. "तो चिक्कूच," "ती पहिल्यापासून तशीच," असे शिक्के आपण किती सहज मारतो! अशा वेळी मला एक संख्या आठवते.

२ हा आकडा ६७ वेळा मांडून गुणाकार करावा आणि उत्तरातून १ वजा करावा. एकवीस अंकी संख्या येते : १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. १६४४ साली मर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकाने ती मूळ संख्यांच्या यादीत घातली. म्हणजे एक आणि ती स्वतः यांवाचून तिला दुसरा भाजक नाही. मर्सेन मोठा विद्वान. त्याचा शब्द सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ टिकला. १८७६ साली ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने दाखवून दिले, की ही मूळ संख्या नव्हेच. पण तिचे अवयव त्यालाही सांगता आले नाहीत. मडके वाजवून पाहावे, तडा आहे एवढे कळावे, पण कुठे ते दिसू नये, तसे झाले.

पुढे १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला गणितज्ञांच्या सभेत कोल नावाचा प्राध्यापक फळ्याशी गेला. असे सांगतात, की एक अक्षरही न बोलता त्याने एका बाजूला ती संख्या काढली. दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ ला ७,६१,८३,८२,५७,२८७ ने गुणले. उत्तर तेच आले. तो मुकाट्याने जागेवर जाऊन बसला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. हे शोधायला आपले तीन वर्षांचे रविवार गेले, असे त्याने पुढे सांगितले म्हणे.

मला त्या टाळ्यांपेक्षा ते रविवार मोठे वाटतात. आपण काय म्हणतो याचे संख्येला सोयरसुतक नसते. लोक तिला मूळ म्हणत होते, तेव्हाही ते दोन अवयव तिच्या पोटात होतेच. माणसाचे तसे नाही. त्याला शिक्का बोचतो. आणि कधी कधी तो शिक्क्यासारखाच होऊन बसतो.

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे भांडकुदळ म्हणत आले. शब्द वडिलांचा, मी तो तीस वर्षे न तपासता वापरला. तो भांडत असे हे खरे. पण त्याचा राग कशाकशाचा मिळून झाला होता, आणि त्यात माझा वाटा किती, हे मी कधी पाहिले नाही. माणसाचे अवयव फळ्यावर मांडता येत नाहीत, हे मला कळते. तरी एका संख्येसाठी कुणी तीन वर्षांचे रविवार देतो, आणि सख्ख्या भावासाठी मी एकही दिला नाही, हा हिशेब काही केल्या जुळत नाही.

भाऊबीज झाली, की पुढचा रविवार मोकळा आहे. त्याच्याकडे जाऊन यावे म्हणतो. फारसे न बोलता.