चकाकते ते

चकाकते ते सारे सोने नसते, असे ज्याने प्रथम सांगितले त्याच्याकडे मोटार नसावी. मोटारवाल्याला हे आधीच ठाऊक असते. त्याला सोने नकोच असते. पत्रा चकाकला म्हणजे झाले. आता पत्र्याला असे चकाकवणे हे पाप की पुण्य? प्रश्न वेदान्तातला वाटेल. पण आमच्या सीताबर्डीत तो दर रविवारी सकाळी सात वाजता एक बादली, दोन फडकी आणि एक चपटी डबी घेऊन अंगणात उभा असतो.

बर्डीवर मोटार चकचकीत ठेवण्यापेक्षा १८१७ साली इंग्रजांनी इथली टेकडी राखली ते काम सोपे म्हणायचे. त्यांना फक्त आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेशी झुंजायचे होते, आणि तेही दोन दिवसांत आटोपले. आमची लढाई बारमाही. व्हेरायटी चौकाची धूळ, मेन रोडवरची गर्दी, कडुनिंबावरचे कावळे आणि मे महिन्यातले ४५ अंशांचे ऊन, अशा चार फौजा एकाच वेळी चालून येतात.

या लढाईतले आमचे सेनापती म्हणजे वरच्या मजल्यावरचे काका. त्यांच्याकडे जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. ती तयार होणे बंद पडल्याला वीसावर वर्षे लोटली. सकाळी इंजिन दमेकऱ्यासारखे खोकते. पण तिच्या बॉनेटमध्ये बघून काका मिशी नीट करू शकतात. आमचे एक स्नेही स्पष्टवक्ते आहेत. म्हणजे दुसऱ्याबद्दलचे खरे ते तोंडावर बोलतात. स्वतःबद्दलचे बोलायला त्यांना वेळ उरत नाही. त्यांचे मत पक्के आहे. "हे ढोंग आहे, ढोंग! आत इंजिन मरून राहिलं अन् वरून पावडर-लाली!"

आता हा निवाडा करायचा तर आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. पॉलिश वेगळे आणि वॅक्स वेगळे. पुष्कळ सुशिक्षित माणसे या दोघांना जुळे भाऊ समजतात. गल्लीत गाड्या धुणाऱ्या पोराने मात्र सगळे शास्त्र एका वाक्यात सांगितले होते, "साहेब, पॉलिशनं आहे तो डाग जाते, वॅक्सनं नवा डाग धरत नाही."

म्हणजे कसे? पॉलिशमध्ये अगदी बारीक खरखरीत कण असतात. ते रंगाचा किंचित थर खरवडून काढतात आणि ओरखड्यांची जागा सपाट करतात. सपाट जागेवरून उजेड सरळ परत फिरतो. त्यालाच आपण चकाकी म्हणतो. ओरखड्यांत तोच उजेड अडखळून चहूकडे पांगतो आणि गाडी निस्तेज दिसते. काकांच्या गाडीसारख्या जुन्या गाडीला पॉलिश करताना फडक्यावर गाडीचाच रंग उतरतो. नव्या गाड्यांवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, त्यामुळे फडके रंगत नाही. पण झीज व्हायची ती होतेच, आणि तो थर माणसाच्या केसाहूनही पातळ असतो.

तात्पर्य, पॉलिश म्हणजे सुधारणा. दोष घासून काढायचा, पण त्याबरोबर मूळचेही थोडे जाते. म्हणून सुधारणा वर्षा-दोन वर्षांतून एकदा, हलक्या हाताने करावी. काही मंडळी मुलांना, सुनांना, हाताखालच्या कारकुनांना रोज इतके घासतात, की खालचा तांबडा प्रायमर दिसायला लागतो. आणि मग तीच मंडळी म्हणतात, "बघा, मी म्हणत नव्हतो? मुळात रंगच नव्हता!"

वॅक्सचे तसे नाही. ते काही काढत नाही, वर एक पातळ पापुद्रा ठेवते. आमच्या स्नेह्यांचा राग याच पापुद्र्यावर. पण त्याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. उत्तम वॅक्समध्ये कार्नोबा नावाचे मेण असते. ते ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवर येते. तिथेही नागपूरसारखाच कडक, कोरडा उन्हाळा. पानातले पाणी उडून जाऊ नये म्हणून ते झाड स्वतःला मेण माखून घेते. पाने वाळवून, झोडपून ते मेण काढतात. ते वितळायला ८० अंशांच्या वर ताप लागतो, म्हणून आमच्या मे महिन्यातही ते दम धरते. सांगायचे म्हणजे त्या झाडाला दिमाख दाखवायचा नव्हता, ओलावा राखायचा होता. चमक ही आपली वरकड मिळकत.

माणसाचे सौजन्य हे असेच मेण आहे. दारी आलेल्याला हसून "या, बसा" म्हणणे, बेचव चहाला "छान झाला" म्हणणे, हे आतून येतेच असे नाही. पण त्यामुळे आतला ओलावा उडत नाही, आणि कावळ्याने केलेली घाण ओल्या फडक्याच्या एका हाताने निघते. बिनमेणाच्या पत्र्यावर तीच घाण उन्हात रंग खाते. मग ते वळ काढायला पुन्हा पॉलिश!

यावर स्नेही म्हणतील, मग ढोंग कशाला म्हणायचे? त्याचेही उत्तर त्या पोराकडे आहे. गाडी धुतल्याशिवाय वॅक्स लावायचे नाही. धुळीवर फडके फिरवले तर धूळच रंगाला ओरखडते आणि उरलेली मेणाखाली कायम मुक्कामाला राहते. आधी धुणे, मग गरज असेल तर घासणे, शेवटी माखणे. पहिल्या दोन पायऱ्या गाळून तिसरीवर उडी मारतो तो ढोंगी. तिसरीच गाळतो तो स्पष्टवक्ता.

एका रविवारी स्नेह्यांनी काकांना तोंडावर विचारलेच. सोमवारी काकूंना दवाखान्यात न्यायचे होते. महिन्याची पाळी होती. "काका, गाडी चमकवून दुखणं बरं होते काय?" काकांनी फडक्याचा हात थांबवला नाही. म्हणाले, "दुखणं कशाचं बरं होते, भाऊ! पण दार उघडून बसताना तिला वाटते, आपण फिरायला चाललो."

स्पष्टवक्त्यांनाही त्या दिवशी खरे बोलायला काही सापडले नाही. काकूंना का गाडी कुठे चालली ते ठाऊक नव्हते? दोघांनाही ठाऊक होते. जे दोघांनाही ठाऊक आहे ते झाकले, तर त्यात फसवले कोणाला?

नागपूरकरांना खरे तर हे नव्याने सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, बर्डीच्या पलीकडे जुन्या शहरात, काळी आणि पिवळी मारबत निघते. गावातली इडापीडा तिच्यासोबत वेशीबाहेर घालवायची. आणि त्याच दिवशी तान्हा पोळा. लहान पोरे लाकडी बैल रंगवून, झुली घालून मिरवत नेतात. लाकडाचा बैल नांगर ओढत नाही हे त्या पोरांनाही कळते. म्हणून कोणी त्याला ढोंग म्हणत नाही. वाईट घालवणे आणि असलेले सजवणे, दोन्ही एकाच दिवशी उरकणारे आमचे गाव आहे.

हल्ली सिरॅमिक नावाचा लेप मिळतो. तो वर्षानुवर्षे टिकतो म्हणतात. टिकत असेल, बुवा. पण आमच्या मते मेणाची थोरवी ते उतरते यातच आहे. पत्र्यावर पाण्याचे मोती न होता पाणी नुसते पसरू लागले, की समजावे, डबी उघडायची वेळ झाली. सौजन्याचेही तेच. एकदा लग्नात लावले आणि जन्मभर पुरले, असा लेप अजून बर्डीवरच्या कोणत्याही दुकानात आलेला नाही.