गोष्टही तुझी, रंगमंचही तुझा

सफाळे

चि. छकुलीस,


पत्र पोचलं. गोष्टी लिहायच्या की नाटकात काम करायचं, एक काय ते ठरव, म्हणून घरचे मागे लागलेत ना? माझं ऐकशील तर एवढ्यात काही ठरवू नकोस. आधी नाटककार रत्नाकर मतकरी आयुष्यभर काय करत राहिले ते पाहा.

त्यांची पहिली एकांकिका 1955 मध्ये आकाशवाणीवर झाली, तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. तुझ्याहून फार मोठे नव्हते. सुधा करमरकरांच्या ‘लिटल थिएटर’ने 1959 मध्ये केलेलं ‘मधुमंजिरी’ हे त्यांचंच नाटक. 1962 मध्ये त्यांनी स्वतःची ‘बालनाट्य’ संस्था काढली. ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अलबत्या गलबत्या’ लिहायचेही तेच, बसवायचेही तेच. पत्नी प्रतिभाताई बरोबरीने राबायच्या. शिवाय मुलांसाठी पुस्तकं, मोठ्यांसाठी गूढकथा आणि 1978 पर्यंत बँकेतली नोकरी! पुढे ठाण्याच्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी त्यांनी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. 2018 मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

हे सगळं एकाच माणसाला जमलं, कारण एक काम दुसऱ्याला शिकवत असतं. तुझ्या गोष्टीत वाक्य आहे, ‘राक्षस फार चिडला.’ कागदावर ते चालून जातं. तेच रंगमंचावर आण. चिडला म्हणजे करतो काय? हातातला तांब्या आपटतो? की आवाज एकदम बारीक करून दात-ओठ खातो? हे सापडलं की परत गोष्टीत लिही. राक्षस जिवंत होईल.

बोलणं ऐकायला तर आपल्यासारखा मुलूख नाही. डहाणूच्या गाडीत एका बाकावर वाडवळी, समोर मांगेली, दाराशी वारली. कान देऊन ऐक. तुझी सगळी पात्रं शाळेच्या पुस्तकासारखं बोलतात, ते सुटेल.

अभ्यास सोडू नकोस. पोटाची सोय असली की मनासारखं लिहिता येतं. आणि मुलांसाठी आहे म्हणून कधी उरकू नकोस. मोठी माणसं कंटाळली तरी भिडेखातर टाळ्या वाजवतात, मुलं सरळ उठून जातात. म्हणून नवी गोष्ट आधी आळीतल्या पोरांना मोठ्याने वाचून दाखव. जिथे ती चुळबुळ करतील तिथे खूण कर आणि तेवढा भाग पुन्हा लिही.

तुझी,
आजी