नव्याण्णवांची गोष्ट

दिवाळी सरली की नगर आणि जुन्नरकडचे धनगर मेंढरं घेऊन कोकणच्या वाटेला लागतात. वर पठारावरचं गवत वाळत आलेलं असतं आणि खाली भात कापून शेतं मोकळी झालेली असतात. मेंढरं रात्री ज्याच्या शेतात बसतील त्याच्या जमिनीला लेंड्यांचं खत मिळतं, त्याबदल्यात तो धनगराला धान्य देतो. घोड्याच्या पाठीवर सगळा संसार असतो: भांडी, घोंगड्या, कोंबड्या आणि वाटेत जन्मलेली कोकरं. पावसाळा तोंडावर आला की हाच तांडा, म्हणजे धनगरांचा वाडा, पुन्हा घाट चढून वर येतो.

अशाच एका वाड्यात तात्या नावाचा धनगर होता. त्याची मेंढरं होती शंभर. त्या दिवशी माळशेज घाट उतरून वाडा मुरबाडच्या बाजूला सपाटीला आला, तेव्हा दिवस मावळत होता. कारभारणीनं चूल मांडली. तात्यानं दोरखंडाची वाघर ताणून मेंढरांसाठी आडोसा केला, दाराशी उभा राहिला आणि एकेकाला आत सोडू लागला. तो आकडा मोजत नसे, तोंडं बघत असे. शेवटचं मेंढरू आत गेलं तसा तो म्हणाला, "भुरी नाही."

आपल्याला सगळी मेंढरं सारखीच दिसतात. मेंढरांना मात्र एकमेकांची तोंडं चांगली कळतात. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या बाब्रहम संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2001 साली दाखवून दिलं, की मेंढी 50 मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांनंतरही ओळखू शकते. म्हणजे भुरी नाही हे तात्याच्या आधी कळपाला ठाऊक होतं. घाटातल्या वळणावर ती मागे राहिली तेव्हा तिच्या शेजारच्या दोघींनी मागे वळून पाहिलंही होतं. पण भुरी रोजच मागे राहायची. बाभळीची शेंग दिसली की तिचा पाय अडायचा. त्यात ती गाभण, चाल आधीच जड. येईल मागून, असं म्हणून दोघी पुढे गेल्या होत्या.

तात्यानं घोंगडी खांद्यावर टाकली, काठी आणि बॅटरी घेतली आणि आत्ताच उतरलेला घाट पुन्हा चढायला लागला.

तो दिसेनासा झाला तसा शिंग्या एडका बोलला. कळपात सगळ्यात देखणा तोच होता आणि वाट चुकणं त्याला ठाऊक नव्हतं.

"आम्ही सरळ रस्त्यानं आलो. कुणाच्या वालाच्या शेतात तोंड घातलं नाही. आणि तात्या गेला कुणासाठी? जी कधी ऐकत नाही तिच्यासाठी. या जंगलात बिबट्या आहे. तो इकडं आला तर आमचं काय?"

बाकीच्यांनी माना हलवल्या. खरं सांगायचं तर शिंग्याचं बोलणं सगळ्यांना पटलं होतं. शंभरातलं एक गेलं तर गेलं, नव्याण्णवांना धोका कशाला?

काळतोंडी नावाची एक म्हातारी मेंढी कोपऱ्यात रवंथ करत बसली होती. ती म्हणाली, "शिंग्या, जरा दाराकडं बघ."

दाराशी कारभारीण शेकोटी पेटवून बसली होती. तिच्या पायाशी मोत्या कुत्रा कान टवकारून पडला होता. वाघर चारी बाजूंनी ताणलेली होती. शेजारच्या वाड्यातले दोघे गडी हाक मारली तर येतील एवढ्या अंतरावर होते.

"आपल्याला तो वाऱ्यावर सोडून गेलेला नाही," काळतोंडी म्हणाली. "आपली सगळी सोय लावून मग गेलाय. आणि आता तुझी गोष्ट सांगते. तू जन्मलास आळेफाट्याच्या पुढं, रस्त्याच्या कडेला. तुझी आई तुला जन्म देऊन गेली. वाडा पुढं निघाला होता. कारभारीण तुझ्यासाठी मागं थांबली. शेळीचं दूध बाटलीत घालून तुला पाजलं, पोटाशी धरून ऊब दिली आणि अंधार पडल्यावर तुला घेऊन वाड्यावर आली. तेव्हाही इथं कुणीतरी म्हणालं होतं, एका कोकरासाठी एवढं कशाला?"

शिंग्या थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ती गोष्ट वेगळी. मी एका दिवसाचा होतो. माझी काय चूक? भुरीची चूक आहे."

"चूक आहेच," काळतोंडी म्हणाली. "भुरीची चूक नाही असं मी कुठं म्हणते? पण तात्या निघाला तेव्हा चूक कुणाची हे त्यानं विचारलं का? ज्याला आपलं माणूस हवं असतं तो आधी शोधायला निघतो. रागवायचं ते घरी आणून रागवतो."

तिकडे घाटात भुरी एका कोरड्या घळीत उताणी पडली होती. शेंगेसाठी उतारावर पाय टाकला आणि घसरली. पाठ खळग्यात रुतली, चारी पाय वर. गाभण मेंढी अशी पडली की तिला स्वतःहून उठता येत नाही. पोटात वायू धरतो, श्वास कोंडतो आणि काही तासांत जीव जातो. पहिला तासभर भुरी ओरडली. मग तिचा आवाज बसला. हरवलेल्या मेंढराला परत येण्याची बुद्धी व्हावी असं बाहेरून म्हणणं सोपं आहे. भुरीला बुद्धी झाली होती. तिला फक्त उठता येत नव्हतं.

तात्या वळणावळणाला थांबून हाक घालत होता. ती हाक कानावर पडली तेव्हा भुरीनं उरलंसुरलं बळ एकवटून पाय झाडले. घळीतला पाचोळा वाजला. तात्या खाली उतरला, त्यानं तिला कुशीवर वळवलं, उभं केलं, पण तिचे पाय मुंग्या येऊन बधिर झाले होते, ती पुन्हा कोसळली. मग तो खाली बसला आणि तिला मांडीशी टेकवून एकेक पाय चोळत राहिला. कितीतरी वेळ. पोटातलं कोकरू हलल्याचं त्याच्या हाताला लागलं तेव्हा त्यानं तिला उचलून खांद्यावर घेतलं. दख्खनी मेंढी पंचवीस-तीस किलोंची भरते. रात्रीच्या अंधारात, दिवसभर चाललेल्या पायांनी, तेवढं ओझं घेऊन तो घाट उतरला. वाड्याजवळ आल्यावर त्यानं शेजारच्यांना उठवलं. "सापडली रं! उठा, चहा टाका!"

वाघरीत मात्र एक अडचण होती. थंडीमुळे मेंढरं एकमेकांना चिकटून बसली होती आणि भुरीची रिकामी जागा केव्हाच भरून गेली होती. तात्यानं तिला दाराशी उतरवलं. अंगाला चिखल, केसांत काटे, पाय अजून लटपटत होते. ती उभी राहिली आणि कुणीच हललं नाही. दाराच्या अगदी जवळ शिंग्या बसला होता. तो हातभर सरकला असता तर तिला जागा झाली असती.

मुलांना ही गोष्ट सांगताना मी इथेच थांबतो आणि विचारतो, शिंग्यानं काय केलं असेल?

लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात शंभर मेंढरांचा दाखला आहे, त्यावरूनच ही गोष्ट. तो प्रभूनं कुणाला सांगितला हे आपण मुलांना फारसं सांगत नाही. जकातदार आणि पापी लोक येशूचं ऐकायला येत होते, तो त्यांच्या पंक्तीला बसत होता आणि परूशी व शास्त्री त्यावरून कुरकुर करत होते. दाखला त्या कुरकुरणाऱ्यांना सांगितलेला आहे. म्हणजे हरवलेल्या एकासाठी तो आहेच, पण आत बसलेल्या नव्याण्णवांसाठीही आहे. त्याच अध्यायात पुढे हरवलेल्या नाण्याचा आणि मग दोन मुलांचा दाखला येतो. धाकटा परत आल्यावर थोरला रागावून दाराबाहेर उभा राहतो, बाप त्याला समजवायला बाहेर येतो, आणि थोरला शेवटी आत गेला की नाही हे लूक लिहीत नाही. ते उत्तर ऐकणाऱ्यानं द्यायचं आहे. म्हणून शिंग्याचं उत्तरही मी देत नाही.

तात्याचा देव बिरोबा. गोष्टीसाठी मी त्याला ख्रिस्ती केलेलं नाही. शेजारी कोण हे शिकवताना खुद्द प्रभूनं शोमरोनी माणूस निवडला होता, तेव्हा वाटेवरच्या धनगराकडून मेंढपाळाचं मन शिकायला आपल्या मुलांना कसलीच अडचण नसावी.

लहान मुलांसाठी लिहिलेल्या प्राण्यांच्या कितीतरी गोष्टींत न ऐकणारं कोकरू लांडग्याच्या तोंडी जातं आणि ऐकणारी सुखरूप राहतात. त्या गोष्टी सांगायला सोप्या आहेत आणि मुलं दोन दिवस ऐकतातही. पण त्यातून मुलाच्या मनात दुसरंही काही रुजतं: जो चुकला तो गेला आणि जाणारच होता. वर्गातून गळालेल्या मुलाकडे मग ते ऐकणारं मूल तसंच बघतं. एवढी किंमत देऊन आज्ञाधारकपणा शिकवावा असं मला वाटत नाही. वाट सोडू नये हे भुरीच्या गोष्टीतही कळतं, उताण्या पडलेल्या मेंढीचे हाल ऐकताना मुलं श्वास रोखून धरतात. त्या भीतीच्या पुढे एक खांदा आहे हेही त्यांना त्याच बैठकीत कळलं पाहिजे.

आमच्याकडची मुलं बहुतेक वेळा सांगतात की शिंग्या सरकला. एखादं म्हणतं, नाही सरकला, पण काळतोंडी उठून आली. कुणी विचारतं, भुरीनं माफी मागितली का? ही सगळी उत्तरं ऐकून घ्यावीत. घाईनं बरोबर-चूक ठरवू नये. शिंग्याचा राग काही मुलांना अगदी खरा वाटतो, कारण घरी लहान भावंडाचे लाड होताना ती तशीच बसलेली असतात. त्यांनाही सांगावं की तात्या तुमच्यासाठीही घाट चढला असता.

शब्बाथ शाळा घेणाऱ्यांना एक विनंती आहे. हजेरीपटावर ज्या मुलाच्या नावापुढे दोन-तीन महिने रेघ आहे, ते नाव खोडू नका. वर्गातल्या दोघा मुलांना घेऊन या आठवड्यात त्याच्या घरी जा. ते मूल रविवारी आलं तर "इतके दिवस कुठे होतास?" हा प्रश्न राहू द्या, आणि बाकावरच्या मुलांना थोडं सरकायला सांगा.