तंजावरची भिंत

रामेश्वर करून चौघे परत निघाले होते. चेन्नईहून मुंबईला जाणारी गाडी. समोरासमोरच्या बाकांवर कोल्हापूरकर, सांगलीकर, सांगलीकर वहिनी आणि नोकरीमुळे पुण्यात स्थायिक झालेला एक तरुण नागपूरकर. खिडकीशी पांढरी वेष्टी नेसलेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. कपाळावर गंध, मांडीवर कापडी पिशवी. ते कोणाशीच बोलत नव्हते.

गुंतकल मागे पडले आणि विषय निघाला. निमित्त भडंगाचे. वहिनींनी यात्राभर जपलेला शेवटचा पुडा फोडला, वर बारीक कांदा घातला, लिंबू पिळले आणि कागदावर ढीग मांडला.

"भडंग झ्याक हाय वहिनी," कोल्हापूरकर बकाणा भरत म्हणाले, "पर त्याला रश्श्याची सर न्हाई. तांबडा-पांढरा एकदा पोटात गेला की माणूस बाकीचं सगळं विसरतंय."

"सावजीचा रस्सा खाऊन पाहा भाऊ, मग बोला," नागपूरकर म्हणाला. "डोळ्यातून पाणी नाही आलं तर पैसे वापस!"

झाले. रश्श्यावरून गाडी माणसांवर आली. कोल्हापूरकरांनी राजर्षी शाहू महाराज आणि त्यांनी बांधलेले खासबागेचे कुस्तीचे मैदान पुढे केले. नागपूरकराने दीक्षाभूमी सांगितली, संत्री सांगितली. सांगलीकर एवढा वेळ शांत होते. नाटकवेडा माणूस. ते सावरून बसले आणि एकेक शब्द तोलून म्हणाले, "5 नोव्हेंबर 1843. विष्णुदास भाव्यांचं सीता स्वयंवर. मराठीतलं पहिलं नाटक सांगलीत झालं. तुम्ही शड्डू ठोकत होता, तेव्हा आम्ही रंगभूमी उभी करत होतो."

मराठी माणसाचा हा गुण मला फार आवडतो. घरात असला की जिल्ह्यासाठी भांडेल, पण परका माणूस समोर आला की त्याचे सगळे जिल्हे एक होतात. इथेही तेच झाले. आपला आवाज वाढल्याचे ध्यानात येताच कोल्हापूरकर वृद्ध गृहस्थांकडे वळले आणि त्यांना आपल्या हिंदीत समजावू लागले. "बाबूजी, बुरा मत मानना. हमारा महाराष्ट्र ही ऐसा है. देश में पहली रेलगाडी कहाँ चली? बोरीबंदर से ठाणे, 1853 में."

"फाळके भी हमारे," सांगलीकर म्हणाले. "राजा हरिश्चंद्र, 1913."

"और आपका रजनीकांत?" नागपूरकराने हुकमाचा एक्का टाकला. "असली नाम शिवाजीराव गायकवाड. हमारा ही आदमी है!"

वृद्ध गृहस्थ खळखळून हसले. "बरोबर आहे. आणि मीही तुमचाच," ते म्हणाले.

मराठी होती. हेल तामिळ, शब्द जुन्या वळणाचे, पण स्वच्छ मराठी. कोल्हापूरकरांचा भडंगाचा घास हातातच राहिला.

"आजोबा, तुम्ही कुठले?"

"तंजावरचा. आजे-पणजे तिथलेच. त्याआधीचं गाव कुठलं, ते घरात आता कोणाला ठाऊक नाही."

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी 1670 च्या दशकात तंजावर घेतले आणि 1855 पर्यंत तिथे भोसल्यांचे राज्य राहिले, हे चौघांनीही शाळेत कधीतरी वाचले होते. पण तिथे गेलेल्यांची पोरेबाळे अजून घरात मराठी बोलत असतील, हे कोणाच्या मनातही आले नव्हते.

"तंजावरला थांबला होता का?" आजोबांनी विचारले.

"थांबलो की! मोठं देऊळ पाहिलं," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी हौसेने फोन पुढे केला. बृहदीश्वराचे शिखर, नंदी, दगडी हत्ती. मग चौघांचा एकत्र फोटो, प्राकाराच्या ओवरीत भिंतीला टेकून काढलेला. ऊन फार होते, म्हणून सावलीची जागा पाहून तिथे उभे राहिले होते.

आजोबांनी चष्मा लावला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. मोठा करत गेले, तशी चौघांची तोंडे पडद्याबाहेर गेली आणि कोल्हापूरकरांच्या खांद्यामागची भिंत तेवढी उरली. दगडात कोरलेल्या ओळीच ओळी. एकीखाली एक, दाटीवाटीने.

"हे वाचा बरं," त्यांनी फोन सांगलीकरांच्या हातात दिला.

सांगलीकरांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "अहो, ही तर आपली अक्षरं!"

"अक्षरंही आपली आणि भाषाही आपली. सरफोजीराजांनी 1803 साली हा लेख कोरून घेतला. भोसल्यांच्या घराण्याचा सगळा इतिहास आहे त्यात. एवढा लांब मराठी शिलालेख तुम्हाला महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही."

फोन चौघांच्या हातांतून फिरला. कोल्हापूरकरांनी तो सर्वांत जास्त वेळ धरून ठेवला. छत्रपतींच्या गादीच्या गावचा माणूस भोसल्यांच्या इतिहासाकडे पाठ करून हसत उभा होता आणि तसा फोटोही काढून आणला होता.

थोड्या वेळाने सांगलीकरांनी हळूच विचारले, "नाटकाचं काही होतं का हो तंजावरला?"

"होतं तर. व्यंकोजीराजांचे चिरंजीव शहाजीराजे स्वतः मराठीत नाटकं लिहीत. सांगलीच्या आधी दीडशे वर्षं."

सांगलीकरांनी ना वाद घातला, ना तोंड पाडले. त्यांनी वहिनींकडून पेन मागून घेतले आणि भडंगाच्या पुड्यावर आजोबा सांगतील ते उतरवून घेऊ लागले. सरस्वती महाल ग्रंथालय, तिथले मोडी कागद, राजांच्या नाटकांची नावे. भाव्यांचे मोठेपण यात तसूभरही उणे होत नाही. नाटक राजवाड्यातून काढून गावोगावच्या लोकांपुढे नेण्याची वाट त्यांनीच पाडली. पण आपल्या अंगणाबाहेरही आपले काही आहे, हे कळल्यावर सांगलीकरांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मघाच्या 1843 च्या वेळीही नव्हता.

"आजोबा, तुम्ही आमचं ऐकून घेत गप्प का बसलात?" नागपूरकराने विचारले.

"ऐकायलाच बसलो होतो. आमच्या घरी मराठी बोलणारी आता दोनच माणसं, मी आणि माझी धाकटी बहीण. नातवंडं तामिळ बोलतात. एवढ्या मोठ्याने, एवढं मराठी किती वर्षांनी कानावर पडलं!"

ते पंढरपूरला चालले होते. लहानपणापासून भजनात तुकोबांचे अभंग म्हटले, पण विठोबा पाहिला नव्हता. कुर्डुवाडीला उतरून पुढे कसे जायचे, याचीच त्यांना काळजी लागली होती.

"काळजी सोडा," कोल्हापूरकर म्हणाले. "आमी तिघंबी कुर्डुवाडीलाच उतरणार, मिरजेच्या गाडीला. पंढरपूर वाटंवरच हाय. दर्शन घेऊ, मग पुढं जाऊ."

पुण्याच्या तिकिटावर बसलेला नागपूरकरही सोलापूर गेल्यावर आपली पिशवी आवरू लागला. कुर्डुवाडीला पाचही जण उतरले. आजोबांची पिशवी कोण घेणार, यावरून कोल्हापूर आणि नागपूर यांच्यात फलाटावर पुन्हा जुंपली.

दक्षिणेच्या यात्रेत तंजावर असेल, तर बृहदीश्वराच्या शिखराखाली फोटो जरूर काढा. पण प्राकाराच्या नैर्ऋत्येकडच्या भिंतीसाठी अर्धा तास राखून ठेवा. लेख नागरी अक्षरांत आहे, मराठी वाचणाऱ्या कोणालाही तो वाचायला घेता येतो. मुले बरोबर असतील तर पहिली ओळ त्यांना वाचायला सांगा.