विहार म्हणजे चालणं

आजचा श्लोक गीतेच्या ६व्या अध्यायातला १७वा. आहार आणि झोप यावर सगळे बोलतात, 'विहार' मात्र राहून जातो. विहार म्हणजे हिंडणं-फिरणं. माऊली इथे मोजक्या पावलांनी चालायला सांगतात. मोजक्या म्हणजे चालणं बंद नव्हे हं!

माझी आजी ७८ वर्षांची. पूजेला पाटावर बसते, हात टेकून उठते, तुळशीला पाणी घालते. घरचे प्रेमानेच म्हणतात, "तू बस गं, आम्ही करतो." पण या वयात वापर थांबला की मांड्यांची ताकद भराभर जाते, मग संडासातून उठायलाही माणूस लागतो. त्यात सेवा कसली? म्हणून मी तांब्या तिच्याच हातात देते आणि शेजारी उभी राहते. काल तिने वाती वळायला कापूसही मागून घेतला.