तिच्या शब्दाची किंमत

'सवलत' या शब्दाला आपल्या जीवनात दोन वेगवेगळी वजने आहेत. दीनच्या बाबतीत सवलत हा हुकमाचाच एक भाग असतो. नोकरीच्या बाबतीत मात्र ती मेहेरबानी ठरते. पाळीच्या दिवसांत बाईला नमाज माफ आहे आणि रोजा ठेवायचा नाही. गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या आईला स्वतःच्या किंवा बाळाच्या प्रकृतीची भीती वाटली तर रोजा पुढे ढकलण्याची रुखसत आहे. माफी आणि रुखसत यांत फिक्हच्या भाषेत फरक आहे, पण मुद्दा एकच. नमाज आणि रोजा हे इस्लामचे दोन अर्कान, आणि हे दोन्ही बाईच्या शरीराची दखल घेऊन थांबतात. मग हजेरीपट थांबायला का तयार नसतो?

या प्रश्नाच्या पोटात दुसरा, अधिक अवघड प्रश्न आहे. काम करणाऱ्या बाईने 'आज मला त्रास होतो आहे' असे सांगितले, तर तिच्याकडे पुरावा मागायचा की तिच्या शब्दावर विश्वास ठेवायचा?

सूरह बकरामध्ये इद्दतीचा हुकूम आहे. आपल्या उदरात अल्लाहने जे निर्माण केले ते स्त्रियांनी लपवू नये, अशी ताकीद तिथे आहे. मुफस्सिरांनी त्यातून एक महत्त्वाची गोष्ट काढली. ताकीद तिला दिली आहे, म्हणजे या बाबतीत तिचाच शब्द प्रमाण आहे. ही तिची अमानत आहे. खोटे बोलली तर ती अल्लाहला जबाबदार, पण तिची झडती घेण्याचा अधिकार कोणाला दिलेला नाही.

आता कामाच्या दुनियेकडे पाहा. नीरा माथूर या महिलेला आयुर्विमा महामंडळाने नोकरीत घेतले. बाळंतपणाची रजा घेतल्यानंतर, परिविक्षेच्या काळातच तिला काढून टाकले. नेमणुकीच्या वेळी भरून घेतलेल्या फॉर्ममध्ये पाळी नियमित येते का, शेवटची पाळी कधी आली, गर्भधारणा किती झाल्या, असे प्रश्न होते, आणि तिने खरी माहिती लपवली असा ठपका ठेवला गेला. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला कामावर परत घ्यायला लावले आणि असे लाजिरवाणे प्रश्न फॉर्ममधून काढायला सांगितले. जे प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्या बायकाही दबक्या आवाजात विचारतात, ते एका सरकारी महामंडळाने छापून ठेवले होते.

ही झाली शिकलेल्या बाईची गोष्ट. जिला फॉर्मच भरावा लागत नाही, तिचे काय? बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. एक दिवस काम चुकले की 'खाडा' पडतो आणि मुकादम त्याचे पैसे कापतो. पाळी आली म्हणून खाडा माफ होत नाही. फडाजवळच्या पालावर न्हाणीघर नाही, संडास नाही. 2019 मध्ये या भागातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 82 हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली, त्यांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. या शस्त्रक्रियांमागे इतर कारणेही होती. पण ज्या व्यवस्थेत बाईच्या दुखण्याला एका दिवसाचीही माफी नाही, तिथे गर्भाशय हीच अडचण वाटू लागते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की बायका सवलतीचा गैरफायदा घेतील. काही जणी घेतीलही. पुरुषही आजारी नसताना आजारपणाची रजा घेतात, पण म्हणून कोणी ती रजा बंद केली नाही. प्रवाशाला रोजा सोडण्याची मुभा आहे. कोणी खोटा प्रवास सांगेल म्हणून ती मुभा काढून घेतलेली नाही.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. अशी रजा सक्तीची केली तर बायकांना कोणी नोकरीवरच ठेवणार नाही, ही भीती 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बोलून दाखवली. मात्र बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या स्त्रियांना 1992 पासून महिन्याला दोन दिवसांची रजा आहे, आणि 2025 मध्ये कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने वर्षाला 12 दिवसांचे धोरण मंजूर केले. तरीही भीती खोटी नाही. तिच्यावर उत्तर शोधताना मला हज्जच्या प्रवासातला हजरत आयशा (र.) यांचा प्रसंग आठवतो. वाटेत त्यांना पाळी आली आणि त्या रडू लागल्या. पैगंबरांनी (स.) त्यांना परत पाठवले नाही. आदमच्या लेकींच्या नशिबी हे लिहिलेलेच आहे असे समजावून, एक तवाफ सोडून हाजींची बाकी सगळी कामे करायला सांगितले. सूट एका कामाची मिळाली, काफिल्यातली जागा कायम राहिली.

आणखी एक बारकावा पाहा. पाळीत राहिलेले रोजे नंतर भरून द्यावे लागतात, नमाजांची मात्र कजा नाही. फुकहांनी कारण दिले आहे: नमाज रोज पाच वेळा येते, तिची भरपाई म्हणजे नवे ओझे. कामाचेही असेच आहे. काही काम बाई नंतर करू शकते, जसे राहिलेला पाठ पुढच्या आठवड्यात शिकवता येतो. काही काम सरळ माफच करावे लागते. आणि तिचा तास घेणाऱ्या सहकाऱ्यावर भार पडत असेल, तर त्याची सोय संस्थेने करावी. तो राग त्या बाईवर निघू नये.

आपल्या समाजाने हा विचार स्वतःच्या घरापासून सुरू करायला हवा. रमजानमध्ये जिला रोजा नाही ती बाई कपाटाआड उभी राहून घोटभर पाणी पिते. दीनने दिलेली माफी आपण तिला चोरीसारखी भोगायला लावली आणि त्याला हया हे नाव दिले. खरी हया ही की दुसऱ्याने तिला कारण विचारू नये. घरात विड्या वळणारी, कांड्या भरणारी बाई तर कोणत्याच हजेरीपटावर नाही. काम केले तेवढे पैसे, हीच तिची नोकरी. तिची रजा घरातली माणसेच देऊ शकतात.

आपल्या समाजाच्या शाळा, पतपेढ्या, दवाखाने आहेत. त्यांच्या संचालकांनी तीन गोष्टी तरी कराव्यात: आतून कडी लागणारे, पाणी असलेले स्वच्छतागृह, जमिनीवर नव्हे तर नीट पाठ टेकता येईल अशी विश्रांतीची जागा, आणि महिन्यातला एखादा दिवस, ज्याच्या अर्जावर कारणाचा रकाना नसेल. पहिल्या दोन गोष्टींना पैसे लागतात. तिसरीला फक्त विश्वास लागतो, आणि आपल्याला जड जाते ती तिसरीच.